मरळीचे गुण

तळं पंचायतीचं, इजारा तीन वर्षांचा,
हालोल रस्त्यावर, आसोजच्या अलीकडे.
प्रश्न एवढाच: मरळ राहू द्यायची,
की जाळं फिरवून काढायची आणि रोहू-कटल्याचं बी टाकायचं?
परीक्षक दोन. मी फक्त वही धरतो.

जशवंतभाई अमीन: कांदालसूणही वर्ज्य,
पण गळ टाकण्यात चाळीस वर्षं गेली.
धरतात, तोलतात, ओठातला आकडा सोडवताना
"माफ करजे" म्हणतात, आणि पाण्यात परत.
दुसऱ्या प्रमोदिनीवहिनी, दांडिया बाजारच्या,
पत्ता बडोद्याचा, जीभ अलिबागची.
काठी कधी हातात धरलेली नाही.
गोड्या पाण्यातल्या माशाला त्या मासा म्हणत नाहीत,
भाजी म्हणतात.

पहाटे कमळाच्या पानांवरून
रबरी बेडूक थप् थप् ओढत आणला.
दोनदा काही नाही.
तिसऱ्यांदा पाणी आतून फुटलं,
पान उलटलं, बेडूक गेला.
लगेच ओढायचं नाही. तिला तोंड मिटू दे.
एक. दोन.
तीनला जशवंतभाईंनी मनगट उचललं
आणि रीळ किंचाळलं.

रोहू लांब पळतो, त्याचा हिशेब लागतो.
मरळ पळत नाही. खाली जाते,
मुळांत डोकं खुपसते, दोरीला पीळ घालते,
जणू आपण तळ्याचं बूचच उपटतोय.
सव्वादोन किलो. डोकं सापाचं.
काठावर गवतात पडूनही
हवा गिळत राहिली, सावकाश,
कुणाचे उपकार नकोत अशी.

"झुंज: नऊ," मी लिहिलं. "एक का कापला?"
"छेल्ले दोन मिनिट
ती मस्ती करत नव्हती. विचार करत होती."
मी तिला ओल्या पोत्यात घालेपर्यंत
ते पाठ करून उभे राहिले,
लांबच्या विजेच्या खांबांकडे बघत.

वहिनींनी तिला दोन दिवस न्हाणीतल्या टबात ठेवलं,
चिखल ओकायला.
दोन दिवस सगळ्या घराच्या आंघोळी गच्चीवर.
मग राख-मीठ चोळून बुळबुळ काढली.
हळद, चिंचेचा कोळ, ठेचलेली लसूण.
रवा नाही.
"रवा लावला की परीक्षा रव्याची होते."
तवा तापला तशी शेजारची खिडकी लागली,
रोजच्यासारखी, न रागावता.

काटा मधला, बाकी नावापुरते.
पाकळी सुटते, भुगा होत नाही.
वास कल्ल्यापाशी जरासा,
वर्षभर पालथ्या ठेवलेल्या माठाचा.
वहिनी शेपटीकडून खात आल्या, बोलल्या नाहीत.
दुसरी तुकडी घेतली. "सहा."
तिसरी घेतली.
"सात लिही. त्याच्यावर दिले तर
पापलेटाला काय तोंड दाखवू?"

संध्याकाळी जशवंतभाई आले, जिन्यातच थांबले.
चपला काढल्या, पुन्हा घातल्या.
"केवी लागी?"
चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारत होते.
वहिनी त्यांच्या स्वयंपाकघरातलं काही शोधत राहिल्या.
सुरण? नाही. रताळं? छे.
पनीर? पनीरला कुठे स्वतःचं मत असतं!
पदराला हात पुसले.
"पाण्यासारखी. पण घट्ट."
त्यांनी मूठ हवेत धरली, मनगट थोडं वाकवलं,
काहीतरी जोखलं.
"हा," म्हणाले, आणि जिना उतरले.

पुढच्या रविवारी वहिनी तळ्यावर आल्या,
जशवंतभाईंची जुनी काठी छत्रीसारखी धरून.
निकालाची ओळ वहीत कोरी होती.
पाणकणसांच्या आडोशाला पाण्यावर
ताटाएवढा लाल ठिपक्यांचा ढग हलत होता,
सुईएवढी पिल्लं, शेकड्यांनी,
आणि त्यांच्याखाली काळी लांब सावली,
मधूनच वर येऊन हवेचा घोट घेणारी.
जशवंतभाईंनी आपली काठी गवतात आडवी ठेवली.
"का हो, थांबलात का?"
त्यांनी बोट दाखवलं.
वहिनी बराच वेळ बघत राहिल्या.
मग रीळ उलटंसुलटं फिरवत,
कसं बंद करायचं ते न कळून, म्हणाल्या,
"बरं. मग आज वरणभात."